मासळीबाजारातून आलेला गव्हर्नर

निवडणुका जवळ आल्या की उमेदवार आपल्या दारात येऊ लागतात. कोणी वाकून नमस्कार करतो, कोणी शेजारच्या बाळाला कडेवर घेतो, तर कोणी मिस्सा सुटायच्या वेळी चर्चच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. मी तुमच्यातलाच आहे, हे प्रत्येकाला सांगायचे असते. आपणही हसून मान डोलावतो आणि मनात विचारतो, हा खरेच आपल्यातला आहे का? आणि असला, तरी निवडून गेल्यावर राहील का?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका अमेरिकन कॅथोलिक पुढाऱ्याची आठवण येते. आल्फ्रेड इमॅन्युएल स्मिथ हे त्यांचे नाव. लोक त्यांना अल स्मिथ म्हणत. न्यूयॉर्क राज्याचे ते चार वेळा गव्हर्नर झाले. अमेरिकेतल्या एका मोठ्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा केलेला पहिला कॅथोलिक उमेदवार म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. १९२८ साली त्या निवडणुकीत ते हरले, आणि चांगलेच हरले. ज्या जन्माने आणि ज्या वस्तीने त्यांना निवडून दिले, त्याच गोष्टी पुढे त्यांच्या आड कशा आल्या, ही कथा आपण समजून घ्यावी अशी आहे.

३० डिसेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत आल्फ्रेडचा जन्म झाला. घर साउथ स्ट्रीटवर, म्हणजे बंदराच्या धक्क्यालाच लागून. समोर जहाजे नांगरलेली आणि जवळच ब्रुकलिनच्या प्रचंड पुलाचे बांधकाम चाललेले. तो पूल १८८३ साली खुला झाला, तेव्हा आल्फ्रेड नऊ वर्षांचा होता. पूल आणि हा मुलगा बरोबरच वाढले म्हणायला हरकत नाही. वडील घोडागाडीवरून माल वाहण्याचा धंदा करीत. आई कॅथरीन आयरिश घराण्यातली. वडिलांचे वडील इटालियन आणि त्यांची आई जर्मन होती, असे पुढे संशोधकांना जुन्या नोंदींत सापडले. स्मिथ स्वतः मात्र जन्मभर आयरिश म्हणूनच वावरले. त्या वस्तीत असा हिशेब ठेवायला कोणाला सवड होती! एका जिन्यावर आयरिश, दुसऱ्यावर इटालियन, पलीकडच्या गल्लीत ज्यू, थोडे पुढे गेले की चिनी वस्ती. भाषा वेगळ्या, देवळे वेगळी, पण घरभाड्याची चिंता सगळ्यांची एकच.

या कुटुंबाचे धर्मग्राम सेंट जेम्स. आल्फ्रेडची शाळाही धर्मग्रामाचीच. तो तिथे वेदीसेवक होता. धर्मगुरू फादर जॉन कीन यांचा मुलांवर वचक होता आणि लोभही होता. चर्चच्या तळघरात नाटके होत. तिकिटांचे पैसे धर्मग्रामातल्या कामांसाठी वापरले जात. तरुणपणी आल्फ्रेड या नाटकांत हौसेने काम करी, खलनायकाची भूमिकासुद्धा आवडीने वठवी. मागच्या बाकापर्यंत आवाज कसा पोहोचवायचा, कुठे थांबायचे, लोक हसले की पुढचे वाक्य कधी टाकायचे, हे सारे तो तिथे शिकला. पुढे सभांमध्ये त्यांना हातात कागद घेऊन भाषण वाचावे लागले नाही. पाकिटाच्या मागे चार टिपणे लिहून ते उभे राहत. याचे श्रेय मी तरी त्या चर्चच्या तळघराला देतो.

१८८६ साली वडील वारले. आल्फ्रेड तेव्हा तेरा वर्षांचाही नव्हता. दफनाच्या दिवशीच संध्याकाळी आई लग्नाआधी जिथे काम करीत असे, त्या छत्रीच्या कारखान्याच्या मुकादमीण बाईकडे गेली आणि पुन्हा काम मागून आली. काही काळाने राहत्या इमारतीच्या तळघरात तिने लहानसे दुकान मांडले. मुलगा वर्तमानपत्रे विकत होता, शाळेनंतर दुकानात बसत होता. पण त्यावर भागेना. आठवी पुरी होण्याआधीच त्याने शाळा सोडली. त्यानंतर त्याने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही.

गाड्या कुठे आहेत ते धावत जाऊन शोधायचे आणि गाडीवानांना पुढच्या कामाचा निरोप द्यायचा, अशी पहिली नोकरी. पगार आठवड्याला तीन डॉलर. मग एका तेलाच्या कंपनीत कारकुनी. आणि मग फुल्टन स्ट्रीटचा मासळीबाजार. आठवड्याला १२ डॉलर आणि घरी खायला लागेल तेवढी मासळी! मासळीबाजार म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. पहाटे चार वाजता कामाला सुरुवात. शुक्रवारी तर तीनलाच, कारण शुक्रवारी कॅथोलिक घरांत मांस वर्ज्य, त्यामुळे मासळीला मागणी मोठी. पिंपे लोटायची, बर्फ फोडायचा, मासळी बर्फात लावायची, हिशेब लिहायचा. आणखी एक काम होते. छपरावर चढून दुर्बिणीतून येणाऱ्या होड्या पाहायच्या. होडी पाण्यात किती खोल बसली आहे त्यावरून आत माल किती, हे ओळखायचे आणि खाली सांगायचे. म्हणजे त्या दिवसाचा भाव ठरवायला मालकाला सोपे. पुढे राजकारणात माणसे पारखताना स्मिथ यांना या छपरावरच्या शिक्षणाचा उपयोग झाला असेल, असे मला नेहमी वाटते.

राजकारणात ते आले टॅमनी हॉलच्या वाटेने. टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्क शहरातली डेमोक्रॅटिक पक्षाची बलाढ्य यंत्रणा. तिच्याविषयी वाईट पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे खरे आहे. कंत्राटांत पैसे खाणे, मतांचे व्यवहार, आपल्या माणसांची नोकऱ्यांत भरती, सारे तिथे चालत असे. पण नुकत्याच बोटीतून उतरलेल्या गरीब माणसाला हिवाळ्यात कोळसा कोण देत होते? पोलिसांनी पोराला धरून नेले तर ठाण्यावर कोण जात होते? टॅमनीचा गल्लीतला माणूस. सरकार नावाची दुसरी कोणतीही वस्तू त्या लोकांनी पाहिलेली नव्हती. त्या वॉर्डातला टॅमनीचा पुढारी टॉम फोली हा दारूच्या गुत्त्याचा मालक होता. १८९५ साली स्मिथ यांना ज्युरींच्या कचेरीत समन्स पोहोचवण्याची नोकरी लागली. दारोदार हिंडायचे काम. १९०० साली कॅथरीन डन हिच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना पाच मुले झाली. आणि १९०३ साली फोलीने त्यांना राज्याच्या विधानसभेसाठी उभे केले. ते निवडून आले.

इथे आपल्याला वाटेल, आता गरिबांचा माणूस विधानसभेत गेला, आता तो गर्जना करणार. तसे काही झाले नाही. राजधानी ऑल्बनीत पहिली दोन वर्षे ते मागच्या रांगेत गप्प बसून होते. समोर आलेल्या विधेयकांतले त्यांना काहीच कळत नव्हते. कायद्याची ती भाषा, कलमे, पोटकलमे! आठवीसुद्धा न झालेल्या माणसाने काय करावे? त्यांनी सोडून जायचा विचार केला. फोलीने शहरात दुसरी नोकरी पाहून देण्याची तयारीही दाखवली. पण लोकांनी निवडून दिले आणि आपल्याला जमले नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. ते राहिले. रात्री भाड्याच्या खोलीवर ते एकेक विधेयक घेऊन बसत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. न कळलेला शब्द शोधत. राज्याचे अंदाजपत्रक तर बहुतेक आमदार उघडूनही पाहत नसत; हे ते पान पान वाचून काढत. काही वर्षांतच अशी वेळ आली की, सरकारचा कोणता पैसा कुठे जातो हे विचारायचे असेल तर सगळे पक्ष स्मिथकडे येऊ लागले. १९१३ साली ते विधानसभेचे सभापती झाले.

त्या दिवसांतली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सभागृहात चर्चा चालू असताना एका आमदाराने मध्येच उठून आपल्या विद्यापीठाने नौकांची शर्यत जिंकल्याची बातमी दिली. मग एकेक जण उठून आपापल्या विद्यापीठाचे नाव सांगू लागला. स्मिथ उठले आणि म्हणाले, आपण एफएफएमचे पदवीधर. कोणाला कळेना हे कोणते विद्यापीठ. तेव्हा त्यांनी फोड करून सांगितले : फुल्टन फिश मार्केट. सभागृह हसले. पण हसणाऱ्यांना हेही ठाऊक होते की, हा पदवीधर त्यांच्यापेक्षा जास्त वाचून आलेला असतो.

२५ मार्च १९११ हा शनिवार होता. न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाच्या ब्लाउज शिवण्याच्या कारखान्याला आग लागली. कारखाना एका उंच इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. मुली काम सोडून बाहेर जाऊ नयेत, कापड चोरू नयेत म्हणून एका बाजूचे दार कुलूपबंद. अग्निशमन दलाच्या शिड्या तेवढ्या उंच पोहोचेनात. अनेक मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. १४६ जण मेले. त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली होत्या. कित्येक जणी स्मिथ यांच्याच भागातल्या.

स्मिथ यांनी काय केले? ते त्या घरी गेले. ज्या घरातली मुलगी गेली, त्या घरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. प्रेतांची ओळख पटवायला आईबापांना जायचे होते, तेव्हा त्यांच्याबरोबर शवागारात गेले. आपल्याकडेही कोणी गेले तर माणूस आधी घरी जाऊन बसतो, बोलायचे ते नंतर. ही रीत त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. त्यांच्या गल्लीत सगळे असेच वागत.

या आगीनंतर राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष. आयोगाबरोबर फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुण समाजसेविका काम करीत होती. या बाईंनी एक शहाणपणाचे काम केले. आयोगाच्या सभासदांना त्यांनी केवळ अहवाल वाचायला दिले नाहीत, तर हाताला धरून कारखान्यात नेले. पहाटेच्या वेळी दोरखंडाच्या कारखान्याच्या दाराशी उभे करून, रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायका स्मिथ यांना दाखवल्या. दहा तास उभ्याने काम केलेल्या, चेहरे उतरलेल्या, आता घरी जाऊन मुलांना उठवणार आणि चूल पेटवणार अशा बायका. ज्याची आई नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी छत्रीच्या कारखान्यात काम मागायला गेली होती, त्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

आयोगाच्या कामातून काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. आगीपासून बचावाची साधने, बाहेर उघडणारी दारे, मुलांच्या कामावर बंधने, बायकांच्या कामाच्या तासांना मर्यादा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. या सुट्टीच्या कायद्यातून फळे आणि भाज्या डब्यांत भरणाऱ्या कारखानदारांनी आपल्याला सूट मागितली. माल नासतो, हे त्यांचे कारण. स्मिथ सभागृहात उठले. शब्बाथ दिवस पवित्र पाळावा ही आज्ञा आपण नीट वाचून पाहिली आहे, पण डबाबंद मालाचे कारखाने सोडून, असे तिच्यात कुठे लिहिलेले आपल्याला आढळले नाही, एवढेच ते बोलले आणि खाली बसले. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या दहा आज्ञा माणसाच्या कुठे कामी येतील, सांगता येत नाही.

१९१५ साली विधवा मातांना मदत देण्याचे विधेयक आले. तोवर अशी प्रथा होती की, कमावता माणूस गेला आणि आईला मुले पोसता येईनात, तर मुले अनाथाश्रमात जायची. आईला न्यायालयात उभे राहून पोटच्या पोरांना सोडावे लागायचे. स्मिथ यांनी त्या आईचे चित्र सभागृहापुढे उभे केले. स्वतःच्या आईचे नाव त्यांना घ्यावे लागले नाही.

१९१८ साली ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९२० साली पडले. पुन्हा १९२२, १९२४ आणि १९२६ साली निवडून आले. या काळातल्या कामांची यादी मोठी आहे : शाळांवरचा खर्च वाढवला, उद्याने आणि समुद्रकिनारे लोकांना खुले केले, दीडशेहून अधिक विखुरलेली सरकारी खाती आणि मंडळे एकत्र करून मोजक्या विभागांत आणली. मला त्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे, टॅमनीतून आलेल्या या माणसाने सल्लागार मात्र टॅमनीतले निवडले नाहीत. त्यांच्या सर्वांत विश्वासू सल्लागार बेल मॉस्कोविट्झ या ज्यू समाजसेविका होत्या. दुसरी गोष्ट १९२० सालची. समाजवादी पक्षाचे पाच आमदार लोकांनी निवडून दिले होते. त्या वेळी रशियातील क्रांतीमुळे समाजवादी म्हटले की लोक बिचकत. विधानसभेने त्या पाचही जणांना घालवून दिले. स्मिथ यांना समाजवाद मान्य नव्हता. तरीही लोकांनी निवडलेल्या माणसाला असे हाकलता येणार नाही, असे त्यांनी गव्हर्नर या नात्याने जाहीरपणे सांगितले. ज्याच्या जिन्यावर चार देशांची माणसे राहत होती, त्याला हे कळणे सोपे गेले असावे.

गव्हर्नर झाल्यावरही त्यांचे घर बरीच वर्षे ऑलिव्हर स्ट्रीटवरच होते, सेंट जेम्स चर्चपासून चार पावलांवर. डोक्यावर तपकिरी डर्बी हॅट, तोंडात सिगार, आणि बोलणे अस्सल गल्लीतले. रेडिओला ते रॅडिओ म्हणत. कोणी सुधारून दिले तरी बदलत नसत. त्यांच्या सभांमध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथांवरचे एक लोकप्रिय गाणे वाजवले जाई. ते सुरू झाले की गर्दी डोलू लागे. हा आपला माणूस, हे त्या गर्दीला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण अमेरिका म्हणजे न्यूयॉर्क नव्हे.

१९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांचे नाव आले. १०३ वेळा मतदान झाले, आणि शेवटी स्मिथही नको आणि त्यांचे प्रतिस्पर्धीही नकोत म्हणून तिसऱ्यालाच उमेदवारी मिळाली. १९२८ साली मात्र ती स्मिथ यांना मिळाली. त्याआधीच, एप्रिल १९२७ मध्ये, मार्शल नावाच्या एका वकिलाने एका नामांकित मासिकात त्यांना जाहीर पत्र लिहिले होते. कॅथोलिक माणूस पोपचे ऐकणार की देशाच्या घटनेचे, असा त्याचा सवाल होता. पत्रात पोप महाशयांच्या परिपत्रकांतले उतारे दिलेले होते. स्मिथ चक्रावले. जन्मभर आपण मिस्सेला जातो, पण ही परिपत्रके आपण कधी ऐकलीसुद्धा नाहीत, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. आपल्यापैकी किती जणांना वेगळे सांगता येईल? उत्तर तयार करायला त्यांना मदत केली फ्रान्सिस डफी या धर्मगुरूंनी आणि जोसेफ प्रोस्कॉअर या ज्यू न्यायाधीशांनी. मे महिन्यात उत्तर छापून आले. प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासनेचे स्वातंत्र्य असावे, धर्म आणि शासन वेगळे असावेत, आणि देशाच्या घटनेच्या कामात ढवळाढवळ करण्याचा अधिकार आपल्या धर्मातल्या कोणालाही नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. उत्तर चांगले होते. पण ज्यांना भीती वाटत होती, ते असली मासिके वाचणारे लोक नव्हते.

प्रचारात काय काय पसरवले गेले ते आज वाचले तर हसू येते. हडसन नदीखालून नुकताच खणलेला हॉलंड बोगदा समुद्राखालून थेट व्हॅटिकनपर्यंत नेणार आहेत, हे सांगणारेही निघाले! पण सारेच हसण्यासारखे नव्हते. ओक्लाहोमा राज्यातून स्मिथ यांची गाडी चालली असताना रुळांच्या कडेला कू क्लक्स क्लानच्या लोकांनी क्रूस पेटवून ठेवले होते. ज्या क्रूसापुढे हा माणूस लहानपणापासून गुडघे टेकत आला, तोच क्रूस जळताना खिडकीतून पाहणे कसे वाटले असेल? त्याच ओक्लाहोमात त्यांनी धर्माच्या प्रश्नावर सभेत तोंडावर बोलून दाखवले. मते मात्र तिथे मिळाली नाहीत.

केवळ धर्मामुळे ते हरले, असे आपल्या लोकांना वाटते. ते पुरते खरे नाही. देशात तेव्हा सुबत्ता होती आणि ती रिपब्लिकन सरकारच्या काळात आलेली. स्मिथ दारूबंदीच्या विरोधात होते आणि ते लपवत नव्हते. टॅमनीचा डाग होताच. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. त्यांचे प्रतिस्पर्धी हर्बर्ट हूवर हेही गरिबीतून आलेले होते. आयोवा राज्यातल्या एका लोहाराचा हा मुलगा नऊ वर्षांचा होईतो आई आणि वडील दोघांनाही मुकला होता. म्हणजे गरिबीची तुलना केली तर हूवर यांचे पारडे हलके नव्हते. पण त्यांची गरिबी गावातली होती. शेते, लोहाराचा भाता, लहानसे घर. शेतकरी मतदाराला तिच्यात आपले घर दिसले. स्मिथ यांची गरिबी धक्क्यावरची, जिन्यांवरची, नाना भाषांच्या कलकलाटातली. रेडिओवरून त्यांचा तो रॅडिओ म्हणणारा आवाज लांबच्या शेतघरांत पोहोचला, तेव्हा तिथल्या माणसाला तो परक्या देशातला वाटला. न्यूयॉर्कच्या फुटपाथांचे गाणे ज्याने फुटपाथच पाहिला नाही, त्याला काय सांगणार? आणि एक दोष स्मिथ यांचाही होता. त्यांना शेतीतले, दक्षिणेतले, पश्चिमेतले फारसे काही ठाऊक नव्हते आणि ते शिकून घ्यायची आच त्यांनी पुरेशी दाखवली नाही. ऑल्बनीतल्या खोलीत रात्र रात्र विधेयके वाचणाऱ्या माणसाने ही विधेयके मात्र वाचली नाहीत.

निकाल लागला. हूवर यांना ४४४ निर्वाचक मते आणि स्मिथ यांना ८७. स्वतःचे न्यूयॉर्क राज्यही गेले. त्याच दिवशी त्याच राज्यात फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांना उभे राहण्याचा आग्रह स्मिथ यांनीच केला होता. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. स्मिथ यांना सुमारे दीड कोटी मते पडली. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पक्षाला मिळालेल्या मतांपेक्षा ही जवळजवळ दुप्पट होती. मोठमोठ्या शहरांतले आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू मजूर त्यांच्यासाठी मोठ्या संख्येने मतदानाला आले. आणि आल्यावर ते पुढची कित्येक वर्षे त्या पक्षाबरोबर राहिले.

इथून पुढची कथा सांगायला मला आनंद होत नाही, पण ती गाळणे बरोबर नाही. पराभवानंतर स्मिथ यांना श्रीमंत मित्रांनी एम्पायर स्टेट बिल्डिंग उभारणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष केले. १०२ मजल्यांची ती इमारत १ मे १९३१ रोजी खुली झाली. त्यांच्या नातवंडांनी फीत कापली. मंदीचे दिवस असल्यामुळे बरेचसे मजले भाडेकरूंवाचून रिकामेच पडले. आता त्यांचे घर ऑलिव्हर स्ट्रीटवर नव्हते, ते फिफ्थ ॲव्हेन्यूवर होते. १९३२ साली पक्षाने त्यांच्याऐवजी रूझवेल्ट यांना उमेदवारी दिली आणि रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. स्मिथ दुखावले गेले. केंद्र सरकारने सगळा कारभार हाती घेऊ नये, हे त्यांचे मत जुनेच होते आणि प्रामाणिक होते. पण जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात, देशातल्या बड्या धनिकांच्या मेजवानीत उभे राहून त्यांनी रूझवेल्ट यांच्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा त्यांच्या जुन्या गल्लीतल्या लोकांना काय वाटले असेल? त्या वर्षी स्मिथ यांनी रिपब्लिकन उमेदवाराला पाठिंबा दिला. ४८ पैकी ४६ राज्यांनी रूझवेल्ट यांना निवडले. न्यूयॉर्क शहराने तर भरभरून मते दिली.

आणि रूझवेल्ट यांच्या सरकारात मजूर खात्याच्या मंत्री कोण होत्या? फ्रान्सिस पर्किन्स. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ही पहिली स्त्री. १९३५ साली कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा कोणी आणला? सेनेटर रॉबर्ट वॅग्नर यांनी. त्याच वर्षी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदाही झाला. आगीनंतरच्या त्या आयोगात तिघांनी जे पाहिले होते, त्यातून दोघे सबंध देशासाठी कायदे करीत होते, आणि तिसरा समोरच्या बाजूला उभा होता. पर्किन्स यांनी मात्र स्मिथ यांच्याविषयी कधी वाकडा शब्द काढला नाही. या साऱ्याची सुरुवात स्मिथ यांच्या त्या दिवसांत झाली, असेच त्या सांगत राहिल्या.

सगळेच सुटले असेही म्हणता येत नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर, मार्च १९३३ मध्ये, जर्मनीतल्या ज्यूंच्या छळाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये प्रचंड सभा झाली. तिच्यात स्मिथ बोलले. ऑलिव्हर स्ट्रीटचे शेजारी ते विसरले नव्हते.

त्यांना प्राण्यांची फार आवड होती. फिफ्थ ॲव्हेन्यूच्या घरासमोरच सेंट्रल पार्कचे प्राणिसंग्रहालय. १९३४ साली ते नव्याने बांधले गेले, तेव्हा त्यांचे जुने सहकारी रॉबर्ट मोझेस यांनी त्यांना रात्रीचे मानद अधीक्षक नेमले आणि एक किल्ली दिली. रात्री जेवणानंतर ते किल्ली घेऊन खाली उतरत आणि आतल्या प्राण्यांशी बोलत बसत. पाहुणे आले तर त्यांनाही घेऊन जात. निवडणुकीत हरलेला, जुन्या मित्रांपासून दुरावलेला हा माणूस रात्री वाघसिंहांच्या पिंजऱ्यांपुढे त्या भसाड्या, धक्क्यावरच्या आवाजात काय बोलत असेल?

मे १९४४ मध्ये पत्नी कॅथरीन गेली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला स्मिथही गेले. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये त्यांचे पार्थिव ठेवले गेले आणि अंत्यदर्शनासाठी हजारो लोकांनी रांग लावली. पुढे १९६० साली जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि कॅथोलिक माणूस त्या पदावर बसू शकत नाही, ही समजूत मोडली. ज्या जुन्या गल्ल्यांत स्मिथ वाढले, त्या भागातली पडकी घरे पाडून शहराने तिथे कमी भाड्याच्या घरांची मोठी वसाहत उभारली. ब्रुकलिनच्या पुलाजवळ, सेंट जेम्स चर्चला लागूनच. वसाहतीला आल्फ्रेड स्मिथ यांचे नाव देण्यात आले.